न्यूफाउंडलंडची मूस-शिकार आणि ‘नको’ म्हणणारा गाईड

बुकिंगच्या आधी

मूसच्या, म्हणजे उत्तरेकडच्या अजस्र हरणाच्या, शिकारीसाठी गाईड शोधताना बहुतेक जण आधी विचारतात, "तुमच्याकडे शिंगं किती मोठी मिळतात?" माझ्या मते पहिला प्रश्न असा हवा: "जनावर पडल्यावर पुढे तुम्ही काय काय करता?" कॅनडाच्या पूर्वेकडच्या न्यूफाउंडलंड बेटावरून परतल्यावर हे मत आणखी पक्कं झालंय. शिकारीला निघणाऱ्या आपल्या मंडळींना उपयोग व्हावा म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

कॅनडातल्याच ऑन्टारिओ प्रांतात २०२१पासून मूसचे टॅग (एक जनावर मारायची परवानगी) साठवलेल्या पॉइंटवर मिळतात, त्यामुळे नवख्या माणसाला चांगल्या भागासाठी वर्षानुवर्षं थांबावं लागतं. न्यूफाउंडलंडला तसं नाही. तिथे बाहेरच्या शिकाऱ्याला परवाना आउटफिटरमार्फत, म्हणजे शिकारीची सगळी सोय करणाऱ्या व्यावसायिकामार्फत, मिळतो आणि रानात परवानाधारक गाईड सोबत असावाच लागतो. हा नियम परदेशी माणसाला आहे, तसाच माझ्यासारख्या दुसऱ्या प्रांतातल्या कॅनेडियनलाही आहे. (अमेरिकेत नोकरीला असलेल्या मित्रांसाठी: अलास्कात बाहेरच्या राज्यातल्या अमेरिकन नागरिकाला मूससाठी गाईडची सक्ती नाही, पण अमेरिकेत कायम न राहणाऱ्या परदेशी नागरिकाला आहे. विमानाचं तिकीट काढण्याआधी हे बघा.)

मी बऱ्याच ठिकाणी फोन केले. एका आउटफिटरनं फोन ठेवल्या ठेवल्या शिंगांचे ढीगभर फोटो पाठवले. माझा गाईड कोण असेल, असं विचारलं तर म्हणाला, "ते तुम्ही आल्यावर बघू." तिथे मी थांबलो. शेवटी ज्यांच्याकडे गेलो त्यांनी उलट मलाच प्रश्न विचारले. गुडघे कसे आहेत? ओल्या जमिनीवर दिवसभर चालवेल का? किती अंतरावरून खात्रीनं नेम लागतो? मांस घरी कसं नेणार? मग गाईडशीच बोलणं करून दिलं. "मूस पडला की पुढे काय?" एवढंच मी विचारलं आणि साठी ओलांडलेले ते गृहस्थ चामडं कधी काढायचं, मांड्या कशा वेगळ्या करायच्या, कुठल्या कापडात गुंडाळायच्या, गाडीपर्यंत कशा आणायच्या, ऊन पडलं तर काय, हे सांगतच राहिले. शिंगांचं नावही निघालं नाही. दुसऱ्या दिवशी मी आगाऊ रक्कम भरली.

त्यांच्या जुन्या गिऱ्हाइकांचे नंबर घेतले, तेव्हा रिकाम्या हातानं परत गेलेल्यांचेही नंबर मुद्दाम मागितले. खूश झालेला माणूस सगळ्यांचंच कौतुक करतो. जनावर न मिळताही जो म्हणतो "पुन्हा त्यांच्याकडेच जाईन", त्याच्याकडून खरं कळतं. जो आउटफिटर असे नंबर द्यायला का-कू करतो, त्याच्याकडे जाऊ नका.

शनिवार, नॉर्थ सिडनी

माझे साडू नोवा स्कोशिया प्रांतात हॅलिफॅक्सला असतात. मूळचे गडहिंग्लजचे. त्यांच्याकडे बंदुकीचा परवाना नाही, पण मांसातलं त्यांना कळतं आणि त्यांच्याकडे पिकअप आहे. कॅम्पवाले बिनशिकारी सोबत्याला कमी दरात घेतात, म्हणून त्यांना बरोबर घेतलं. मागच्या हौद्यात रिकामा डीप फ्रीझर, जनरेटर आणि साडूंच्या आग्रहाखातर कांदा-लसूण मसाल्याची बरणी.

त्याच प्रांतातलं नॉर्थ सिडनी ते न्यूफाउंडलंडचं बंदर पोर्ट ओ बास्क हा १७८ किलोमीटरचा समुद्र ओलांडायला बोट सातेक तास घेते. रात्रीच्या बोटीला केबिन घ्याच, खुर्चीत बसून झोप होत नाही. रायफल कुलूपबंद पेटीत आणि काडतुसं वेगळी ठेवा, चढताना कर्मचाऱ्यांना तसं सांगा.

बोटीच्या कॅफेटेरियात कॉर्नर ब्रुकच्या एक आजी शेजारी बसल्या होत्या. आम्ही कशासाठी चाललोय हे कळल्यावर त्यांनी शुभेच्छा दिल्या आणि लगेच बजावलं, "अंधारात गाडी चालवू नका रे पोरांनो." मूसचे पाय इतके उंच असतात की हेडलाइटचा झोत पोटाखालून निघून जातो आणि धडक बसली की पाय मोडून सगळं धड काचेवर येतं. दरवर्षी या बेटावर असे शेकडो अपघात होतात. त्यांच्या पुतण्याची गाडी अशीच गेली होती, तो वाचला. आम्ही पूर्ण उजाडल्याशिवाय बंदरातून हललो नाही.

रविवार, रेकहाउसचा वारा

न्यूफाउंडलंडचं घड्याळ नोवा स्कोशियाच्या अर्धा तास पुढे असतं. त्यामुळे उन्हाळी वेळ चालू असताना भारताशी बरोब्बर आठ तासांचा फरक पडतो. कोल्हापूरला आईला फोन लावताना पहिल्यांदाच हिशेब करावा लागला नाही.

पोर्ट ओ बास्क सोडलं की थोड्याच वेळात रेकहाउस लागतं. उजव्या हाताला लाँग रेंजचे डोंगर, डावीकडे समुद्र आणि डोंगरातून सुटणारा वारा इतका भयंकर की पूर्वी तो रुळावरून रेल्वेचे डबे उलटवायचा. इथे लॉची मॅकडूगल नावाचा माणूस राहायचा. वाऱ्याचा अंदाज त्याला अचूक यायचा, म्हणून रेल्वेनं त्याला पगार देऊन ठेवलं होतं. त्यानं "आज नको" म्हटलं की गाडी थांबायची. १९८८ला बेटावरची रेल्वेच बंद झाली, पण आजही जोराच्या वाऱ्यात इथे ट्रक अडकून पडतात. आमची पिकअप चांगलीच हलत होती. साडूंनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं होतं आणि बोलणं बंद केलं होतं.

डीअर लेक ओलांडून हौलीच्या बाजूला वळलो. मूस या बेटावरचा मूळचा प्राणीच नाही. १८७८मध्ये नोवा स्कोशियातून एक जोडी आणली गेली आणि १९०४मध्ये न्यू ब्रन्सविकहून आणलेले चार, दोन नर दोन माद्या, याच हौलीजवळ सोडले. आज बेटावर लाखाच्या आसपास मूस आहेत. इथले लांडगे गेल्या शतकातच संपले आणि काळी अस्वलं मुख्यतः लहान पिल्लांवरच हात मारतात. मूस वाढले तसे बाल्सम फर या सूचिपर्णी झाडाची कोवळी रोपं खाऊन त्यांनी जंगलाचं पुनरुज्जीवनच रोखलं. ग्रोस मोर्न राष्ट्रीय उद्यानात तर २०११पासून स्थानिकांना नियंत्रित शिकारीची परवानगी द्यावी लागली.

हे एवढं सांगायचं कारण म्हणजे घरून येणारा प्रश्न: शिकार कशाला? आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद झाली आणि ते योग्यच झालं, आपल्या रानांची अवस्था बघता दुसरा मार्ग नव्हता. इथलं गणित वेगळं आहे. मी मांसाहारी आहे आणि जे खातो ते कसं मेलं याची जबाबदारी एकदा तरी स्वतः घ्यावी, असं मला मनापासून वाटत होतं. आईला हे पटलं नाही. "देवाचं नाव घेऊन कर, आणि टाकू नकोस काही," एवढंच ती म्हणाली.

कॅम्पवर पोचलो तेव्हा रविवारचं जेवण तयार होतं: जिग्स डिनर. खारवलेलं गोमांस, कोबी, बटाटे, गाजर, सलगम एकाच भांड्यात उकडलेले आणि कापडात बांधून शिजवलेल्या पिवळ्या वाटाण्याचं दाट पिठलंवजा पुडिंग. मी गोमांस घेत नाही, हे स्वयंपाक करणाऱ्या बाईंना आधी कळवलं होतं. त्यांनी माझ्यासाठी कॉड मासा तळून वेगळं ताट केलं होतं. येता-जाता सगळ्यांनाच त्या "माय लव्ह" म्हणायच्या.

सोमवार, आधी कागदावर

सकाळी गाईडनी रानात न्यायच्या आधी शंभर मीटरवर कागद लावला. प्रवासात रायफलवरची दुर्बीण (स्कोप) हलते आणि माणसाचाही अंदाज हलतो, दोन्ही तपासायचं होतं. माझी ३०८ मापाची रायफल थोडी डावीकडे मारत होती. ती नीट करून घेतली, मग बसून, गुडघ्यावर, काठीच्या टेकूवर अशा गोळ्या झाडायला लावल्या. शेवटी म्हणाले, "तुमची हद्द दीडशे मीटर. त्यापुढे मी हो म्हणणार नाही." चांगल्या गाईडची ही एक खूणच समजा. जो पहिल्या सकाळी तुमचा नेम न बघता थेट रानात नेतो, त्याला जखमी जनावराची फिकीर नाही.

जाण्याआधीच विचारून ठेवावं अशी आणखी एक गोष्ट: एका गाईडमागे शिकारी किती? दोघांना मिळून एक गाईड असेल तर दर कमी पडतो, पण पहिली गोळी कुणाची हे घरीच ठरवून जा. जखमी होऊन निसटलेलं जनावर तुमच्या टॅगवर धरलं जाणार का, हेही करारात लिहून घ्या. आमच्या कॅम्पचा नियम स्पष्ट होता: रक्त दिसलं की टॅग संपला. मला तो नियम आवडला.

दुपारनंतर धुकं उतरलं.

मंगळवार, धुक्यातलं रान

धुकं दिवसभर हललं नाही. शेजारच्या केबिनमधले शिकारी कंटाळून पत्ते कुटत बसले. आमचे गाईड म्हणाले, "दिसणार काही नाही, पण शिकायला येता का?" निघालो.

इथली जमीन म्हणजे दलदल. शेवाळाच्या गादीवर पाय ठेवला की घोट्यापर्यंत पाणी, मधूनच गुडघाभर. कडेला वाऱ्यानं खुरटलेल्या फर-स्प्रूसची इतकी दाट जाळी की माणूस आत शिरूच शकत नाही. इथले लोक तिला टकमोर म्हणतात. शेवाळात लालसर पिशव्यांसारखी कीटकभक्षी झाडं उभी होती, पोटात पावसाचं पाणी भरलेली. ते या प्रांताचं राज्यफूल. कासच्या पठारावर दवबिंदू ही कीटकभक्षी वनस्पती शोधत ओणवा झालो होतो, तसाच इथेही झालो. गाईड शांतपणे थांबून राहिले, घाई केली नाही.

त्यांनी ठसे दाखवले: नराचा खूर पुढे बोथट, मादीचा निमुळता. माजावरचा नर खुरानं जमीन उकरून त्यात मुततो, तो खड्डा हुंगायला लावला. वास डोक्यात गेला. वाऱ्यासाठी त्यांच्याकडे यंत्रबिंत्र नव्हतं. दलदलीत उगवणाऱ्या गवताचा कापसासारखा पांढरा तुरा खिशात होता. त्यातला एक तंतू सोडायचे आणि तो कुठे जातो ते बघायचे. दहा पावलं गेलं की पुन्हा एक. मूसची नजर बेताची असते, पण नाक आणि कान फार तीक्ष्ण, त्यामुळे सगळा खेळ वाऱ्याचा.

मग भोजपत्राच्या सालीचा कर्णा तोंडाला लावून त्यांनी मादीची साद घातली. लांब, चढत जाणारी, शेवटी कण्हल्यासारखी. धुक्यातून काही उत्तर आलं नाही. साधारण अर्धा तास थांबून पुन्हा एकदा, बस्स. सारखं सारखं ओरडणाऱ्या गाईडपासून सावध राहा, खरी मादी तशी ओरडत नाही.

रात्री पावाच्या कणकेच्या तळलेल्या टिक्क्या, टाउटन, वर काकवी. साडूंनी गुळाची आठवण काढत चार खाल्ल्या.

बुधवार, हातचा सोडलेला

सकाळी आकाश धुतल्यासारखं निघालं. दिवसभर काही नाही. संध्याकाळी एका तळ्याच्या पलीकडे, उतरत्या उन्हात, एक अजस्र नर बाहेर आला. शिंगं फावड्यांसारखी रुंद, मानेखाली झुलणारी लोळी. अंतर एकशेतीस मीटर. माझ्या हद्दीत. मी टेकू लावला, सेफ्टीवर बोट नेलं.

गाईडनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "नको."

कुजबुजत त्यांनी कारणं सांगितली. तो उभा होता ती पाण्यावर तरंगती दलदल. गोळी लागून दहा पावलं जरी पुढे गेला, तरी पाण्यात पडणार. कायद्याची वेळ संपायला थोडाच अवधी. अंधारात एवढं धड पाण्याबाहेर काढता येणार नाही, रात्रभर आतडी पोटात राहिली तर मांस नासणार. शिवाय म्हातारा नर, माजात आठवडे-आठवडे धड खात नाही, मांसाला उग्र वास येतो. "भिंतीसाठी हवा असेल तर सांगा, पण मग तुम्ही फोनवर मला वेगळं सांगितलं होतं."

तो नर आमच्याकडे बघत उभा राहिला आणि मग सावकाश झाडीत गेला. हात थरथरत होते हे खरं. पण कॅम्पवर परतताना माझ्या मनात चुटपुट नव्हती. गिऱ्हाइकानं पैसे मोजलेत, त्याला फोटो मिळाला की बक्षिसी चांगली मिळते, हे त्यांना ठाऊक होतं. तरीही ते ‘नको’ म्हणाले. याच गोष्टीसाठी आपण गाईडला पैसे देतो, असं मी मानतो.

गुरुवार

पहाटे दंव पडलं होतं, शेवाळ पायाखाली करकरत होतं. कालच्या जागेपासून लांब, लाकूडतोडीच्या जुन्या रस्त्याजवळ बसलो. गाईडनी एकदा साद घातली आणि खांद्याचं वाळकं हाड आल्डरच्या झुडपावर घासलं, दुसरा नर शिंगं घासतोय असं वाटावं म्हणून. बऱ्याच वेळानं दूरवर खोल, घशातला हुंकार ऐकू आला. पुन्हा. जवळ. मग फांद्या मोडण्याचा आवाज.

कोवळा नर होता, शिंगं बेताची. सत्तर मीटरवर आडवा उभा राहिला. गाईडनी तुऱ्यातला तंतू सोडला, बघितलं आणि मान हलवली. मी पुढच्या पायामागे नेम धरला. गोळीनंतर तो काही पावलं चालला, थांबला आणि कुशीवर पडला. आम्ही लगेच धावलो नाही. पूर्ण शांत होईपर्यंत बसून राहिलो. मग जवळ जाऊन मी त्याच्या मानेवर हात ठेवला आणि आईनं सांगितलं होतं तसं देवाचं नाव घेतलं. गाईडनी टोपी काढली होती.

टॅग लावला आणि खरं काम सुरू झालं. गाईडच्या सुरीचं पातं हाताच्या बोटाएवढंच होतं, पण तासभर चालूनही एकदाही घाईचा वार नाही. पोटाचं कातडं आतून बाहेर कापत गेले म्हणजे केस मांसावर पडत नाहीत. चामडं निघालं तशी थंड हवेत भरभरून वाफ उठली. "ही ऊब हाच शत्रू," ते म्हणाले. मांड्या, पुढचे फरे, पाठीचे पट्टे, मान, बरगड्या, सगळं सुटं करून जाळीदार सुती पिशव्यांत गेलं. प्लास्टिक अजिबात नाही, त्यात मांस घामेजतं. गोळीच्या जखमेभोवतीचं मांस त्यांनी ऐसपैस कापून बाजूला केलं. शिशाचे कण दिसतात त्यापेक्षा लांब पसरतात. तांब्याची गोळी वापरली तर हा त्रास पुष्कळ कमी होतो.

साडू कलेजीकडे डोळे लावून होते. "भावा, एवढी थोरली कलेजी, टाकून द्यायची?" गाईडनी पुन्हा मान हलवली. मूसच्या यकृतात आणि मूत्रपिंडात कॅडमियम साठतं, ते खाऊ नये असा इथल्या सरकारचाच सल्ला आहे. हृदय मात्र त्यांनी धुऊन साडूंच्या हातात दिलं. दोन्ही हातांत मावेना.

आठ चाकांची, पाण्यातही चालणारी आर्गो गाडी आली आणि दुपारपर्यंत सगळं मांस कॅम्पच्या सावलीतल्या खोलीत टांगलेलं होतं. जागा निवडताना त्यांनी जुन्या रस्त्याचा विचार का केला, ते तेव्हा कळलं. विमानानं जायचे कॅम्प निसर्गात खोलवर असतात, शिकारही छान होते, पण धुकं पडलं तर मांसासकट अडकून पडायची तयारी ठेवा.

शुक्रवार

मांस गार हवेत टांगून ठेवलं. साडूंनी स्वयंपाकघराचा ताबा मागितला आणि बाईंनी तो आनंदानं दिला. हृदयाचे पातळ काप आणि पाठीच्या आतलं कोवळं मांस, कांदा-लसूण मसाला, सुकं खोबरं भाजून, अगदी घट्टसर सुक्कं. गाईडनी पहिला घास घेतला, पाणी प्यायले, आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं. बाईंनी मसाल्याची उरलेली बरणी ठेवून घेतली, बदल्यात पार्ट्रिजबेरीच्या जॅमच्या बाटल्या दिल्या. आंबटगोड, आपल्या करवंदाच्या मुरंब्याची सय आणणारा.

संध्याकाळी गाईडनी खालचा जबडा वेगळा करून बांधून दिला. दातांवरून वय काढतात, म्हणून तो वन्यजीव विभागाकडे द्यायचा असतो. बक्षिसी रोख द्यावी, पाकिटातून, गाईडच्या हातात. स्वयंपाक करणाऱ्यांना वेगळी.

शनिवार, परत

परवाना आणि टॅगचे कागद गाडीत हाताशी ठेवा, वाटेत तपासणी होऊ शकते. पोर्ट ओ बास्कला बोटीआधी आणखी एक तपासणी असते आणि तिची आम्हाला कल्पना नव्हती. बेटावरच्या मातीत बटाट्याचा चामखीळ रोग आणि सूत्रकृमी असल्यामुळे माती आणि बटाटे बाहेर नेता येत नाहीत. आमची चिखलानं माखलेली पिकअप चाकांच्या आतपर्यंत धुवून घेतली. बूट कॅम्पवरच स्वच्छ करून निघालात तर वेळ वाचेल.

हाडं काढून मांस दीडशे किलोच्या वर भरलं. निम्मं हॅलिफॅक्सला साडूंच्या फ्रीझरमध्ये, काही त्यांच्या शेजाऱ्यांकडे, उरलेलं मी घरी आणलं. कोवळ्या नराचं असल्यामुळे वास अजिबात नाही. चरबी फार कमी असते, त्यामुळे रश्शाला मंद आच आणि तेल थोडं जास्त घ्या.

आउटफिटरला पुढच्या बुकिंगसाठी लिहिताना मी करारात गाईडचं नाव घालायला सांगितलं. तारखा त्यांना जमतील तशा ठेवल्या. ते आजारी पडले किंवा आले नाहीत तर तारीख पुढे ढकलायची किंवा पैसे परत, असं कलमही लिहून घेतलं. तुम्हीही तसं करा. बहुतेक करारांत कॅम्पचं नाव असतं, खोलीचं वर्णन असतं, ज्याच्या मागून तुम्ही आठवडाभर चालणार त्याचं नाव मात्र नसतं.